कपाटावरची गिटार खाली उतरवा

आपल्या धर्मग्रामांत सध्या एक समज रूढ होऊ पाहत आहे. संगीताची साधने जितकी अद्ययावत, तितकी उपासना प्रभावी, असा हा समज. त्यापायी आयते ताल भरलेला की-बोर्ड येतो. काही ठिकाणी तर साथीचे संपूर्ण ध्वनिमुद्रण पेन ड्राइव्हवरून वाजते आणि गायनवृंद त्याच्या मागून धावतो. दुसरीकडे वर्गणी देणाऱ्या अनेक घरांत वडिलांची किंवा मामांची जुनी गिटार कपाटावर धूळ खात पडलेली असते. ती भंगारात द्यावी की गोठ्याच्या सजावटीत मांडावी, एवढाच तिच्याविषयीचा प्रश्न उरतो. या समजाला माझा विरोध आहे आणि तो मी येथे स्पष्टपणे नोंदवू इच्छितो.

गिटार हे चर्चला शोभणारे वाद्य नव्हे, असा पहिला आक्षेप घेतला जातो. आक्षेपकांनी ख्रिस्तसभेचे दस्तऐवज पुन्हा उघडावेत. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमधील संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात नाव घेऊन निषिद्ध ठरवलेली वाद्ये होती पियानो, ढोल, झांजा आणि तत्सम. गिटारचे नाव त्यात नाही. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात (कलम १२०) पाईप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि इतर वाद्यांसाठी अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. वाद्य उपासनेस योग्य असावे किंवा तसे करता यावे, मंदिराच्या प्रतिष्ठेस साजावे आणि भाविकांच्या आध्यात्मिक उन्नतीस खरोखर हातभार लावावा, एवढीच अट घातली. ही कसोटी वाद्याइतकीच ते वाजवणाऱ्यालाही लागू आहे. नाचाच्या ठेक्यावर बडवलेली गिटार तिला उतरत नाही, हे मला मान्य आहे. पण बटण दाबून सुरू होणारा डिस्को ताल तरी तिला कोठे उतरतो?

याहून महत्त्वाची गोष्ट १९५८ सालच्या रोमच्या सूचनापत्रात आहे. उपासनेत ध्वनिमुद्रित संगीत गायनाच्या जागी तर नकोच, पण गायनाला आधार म्हणूनही नको, असे त्यात बजावले होते. ते परिषदेपूर्वीचे आहे खरे. परंतु त्यामागचे कारण जुने झालेले नाही. उपासना हे जिवंत माणसांचे कर्म आहे. यंत्र प्रार्थना करीत नाही.

गिटार परकीय आहे, हा दुसरा आक्षेप. मग हार्मोनियम कोठली? पॅरिसमध्ये १८४२ साली तिचे पेटंट घेतले गेले. भारतीय संगीताला ती मारक आहे म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आज तिच्याविना भजन उभे राहत नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या हातांनी आपलेसे केले, हे महत्त्वाचे.

गिटार ही ऑर्गन नसेल तेव्हाची तडजोड आहे, असेही कोणी म्हणतात आणि दाखला 'सायलेंट नाइट'चा देतात. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु त्या गीताला चाल लावणाऱ्या फ्रान्झ ग्रुबर यांनी १८५४ साली लिहून ठेवलेल्या हकिकतीत उंदीरही नाहीत आणि मोडका ऑर्गनही नाही. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथील सहायक धर्मगुरू योझेफ मोर यांनी २४ डिसेंबर १८१८ रोजी आपली कविता त्यांच्या हाती दिली आणि दोन आवाज, गायनवृंद व गिटारची साथ अशी रचना मागितली, एवढेच ते सांगतात. सव्वीस वर्षांच्या त्या धर्मगुरूने गिटार मागून घेतली होती. ते चर्च पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पाडले गेले. मोर यांची गिटार मात्र हॅलाइनच्या संग्रहालयात अजून आहे.

उरतो तिसरा आक्षेप: "फादर, ती आता जुनी झाली, वाजत नाही." बहुतेक जुन्या गिटारींचे दुखणे तारांचे असते. गंजलेल्या तारा काढाव्यात, पण नव्या चढवण्याआधी गिटार नायलॉनच्या तारांची आहे की पोलादी, हे पाहावे. पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे सत्तर किलो भरतो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास. नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा चढवल्या तर पूल उखडतो आणि दोष मात्र म्हातारीला लागतो! पावसाळ्यात लाकूड फुगते, तारा पट्टीपासून वर जातात आणि बोटे दुखतात. म्हणून ती ओलसर भिंतीला टेकवू नये, पेटीत ठेवावी. मान वाकली असेल तर जाणत्या कारागिराकडे न्यावी. तारांचा संच आणि कारागिराचा एक दिवस, एवढ्यावर बहुधा काम भागते.

आता मूळ मुद्दा. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची रांग कधी लांब असते, कधी आखूड. ध्वनिमुद्रण चार मिनिटांत संपते. गिटार वाजवणारा मान वर करून पाहतो आणि आणखी एक कडवे घेतो. वयोवृद्ध आया-बाया सावकाश गातात. यंत्र त्यांच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे त्या हळूहळू गाणेच सोडून देतात. आजाऱ्याच्या खाटेपाशी, मृताच्या अंगणात, पावसाळ्यात वीज गेलेल्या घरातील रोझरीत की-बोर्ड पोहोचत नाही. गिटार खांद्यावरून जाते. आपण साधने वाढवीत आहोत आणि भाविकांचा आवाज गमावीत आहोत. हे नुकसान कोणत्याही देणगीने भरून निघणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नव्या की-बोर्डसाठी वर्गणी काढण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने घरोघरच्या जुन्या गिटारींची यादी करावी, त्या दुरुस्त कराव्यात आणि रविवारच्या धर्मशिक्षणानंतर तासभर मुलांना शिकवाव्यात. ध्वनिमुद्रित साथ उपासनेतून आजच काढून टाकावी. सुरुवातीला मुले चुकतील, सूर हलतील. चुकत गाणारी मंडळी देवाला चालतात. मुकी मंडळी चालतील असे मला तरी वाटत नाही.