कंद नको, बी द्या



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. क्षमावाणीच्या दिवशी प्रत्येकीला काय भेट द्यायची, यावर चर्चा होती. स्टीलचा डबा नको, प्लॅस्टिक तर नकोच, असे सर्वांचेच मत पडले. मग एकीने सुचवले, "रानफुलांचे कंद देऊ या. सड्यावरून खणून आणणारा एक माणूस आहे. शंभर कंद स्वस्तात देईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी "नको" म्हणाले, पण दोन मिनिटांत कारण नीट सांगता आले नाही. म्हणून आज लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. सात वर्षांपूर्वी घाटातल्या रस्त्याकडेला एक बाई कळलावीचे कंद विकत होत्या. पाच कंद घेतले. घरी आल्यावर जाऊबाईंनी पिशवीत डोकावून विचारले, "कांदा चिरत नाहीस, आणि उपटून आणलेला कंद चालतो होय तुला?" मी हसून म्हणाले, "खायचा थोडाच आहे!" पण प्रश्न मनात राहिला. त्या पाचांपैकी एकच उगवला. कळलावीचा कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. त्याचा कोंब टोकाला असतो आणि फार नाजूक असतो. खणताना किंवा पिशवीत ते टोक मोडले की कंद बहुधा फुटतच नाही, मातीत कुजतो. माझे चार कुजले. एका फुलासाठी चार रोपे गेली, आणि ती रानात असती तर वर्षानुवर्षे फुलली असती.

आपण कंदमूळ का वर्ज्य करतो, हे लहानपणापासून ऐकले आहे. एका कंदात अनंत जीव, आणि तो काढायचा तर मुळासकट उपटावा लागतो. पण हा नियम आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबवला. श्रावकाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडविरती आहे. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यांत प्रमादचर्या येते. विनाकारण जमीन खणणे, विनाकारण वनस्पती तोडणे त्यातच मोडते. पोटासाठी जे करत नाही, ते बाल्कनीच्या शोभेसाठी करायचे, याला काय म्हणायचे?

मी बी.कॉम. झालेली बाई, मला हिशेबाच्या भाषेत लवकर कळते. कंद हे झाडाचे मुद्दल आहे आणि बी हे व्याज. सड्यावर माती वीतभरसुद्धा नसते. पावसाचे चार महिने संपले की वरचे सगळे वाळते आणि झाड आठ महिने कंदाच्या जोरावर जमिनीत जिवंत राहते. कंद काढला की फूल गेले आणि पुढच्या वर्षाचे बीही गेले. फोडशीची भाजी आठवा. वरची पाने खुडली तर खालून पुन्हा फुटते. पण त्याच जातीची मुळे सफेद मुसळी म्हणून औषधासाठी खणली गेली आणि रानातून ती कमी होत गेली. कास पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, पण ज्या सड्याला कुंपण नाही तिथला कंद कोण राखणार?

म्हणून चार कंद कुजल्यावर मी बियांकडे वळले. भावाच्या शेताच्या बांधावर कळलावी आहे. तिथली एकच शेंग आणली, आत लाल बिया होत्या. मे अखेरीस वीस बिया रात्रभर भिजवून वाळूमिश्रित मातीत पेरल्या. त्या वर्षी सहा उगवल्या आणि तीन पुढच्या पावसाळ्यात. पहिल्या वर्षी रोप बोटभरच वाढले आणि दिवाळीनंतर वाळून गेले. मेले समजून कुंडी रिकामी करू नका. पाणी बंद करून मे महिन्यापर्यंत सावलीत ठेवा. माझी एक कुंडी मांजराने पाडली तेव्हा आत वालाच्या दाण्याएवढा कंद दिसला. तो तसाच परत मातीत ठेवला. चौथ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, पहिले फूल आले. आधी हिरवट पिवळे, मग लालभडक. जाऊबाईंना हाक मारून दाखवले. मात्र एक लक्षात ठेवा, कळलावीचा प्रत्येक भाग विषारी असतो, कंद आणि बिया तर फारच. घरात लहान मूल असेल तर लावूच नका.

त्यापेक्षा सोपी आहे पिवळी पावसाळी लिली, मूळची मेक्सिकोकडची. फूल सुकल्यावर दोन-तीन आठवड्यांत तीन कप्प्यांचे बोंड उकलते आणि काळ्या, चपट्या, कागदासारख्या बिया दिसतात. त्या ताज्याच पेरायच्या, ठेवून जुन्या करायच्या नाहीत. दोन-तीन आठवड्यांत गवतासारखी पाती येतात. गवत समजून मी एकदा अर्धी कुंडी खुरपली होती, तसे करू नका! दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात फूल येते.

कोणी म्हणेल, बियांपासून वाढवले तरी शेवटी कंदच तयार होतो, पाणी-माती आली, आरंभ आलाच. खरे आहे. संसारात आरंभ पूर्ण सुटत नाही, माझाही सुटलेला नाही. पण रानातला जीव उपटून आणणे आणि आपल्या कुंडीत एक जीव वाढू देणे, या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नाहीत. आणि मी कंद विभागायलाही खणत नाही, ते कुंडीतच राहतात. "चार वर्षे कोण थांबणार?" असेही एकजण म्हणाली. आपण चातुर्मासभर थांबतो, नोंपीचे व्रत वर्षानुवर्षे धरतो, मग फुलासाठी थांबायला काय हरकत?

मंडळापुढे माझा प्रस्ताव इतकाच आहे. शंभर कंदांची मागणी आजच रद्द करावी. माझ्या कुंड्यांत पिवळ्या लिलीची बोंडे धरली आहेत, आणखी तिघींकडेही आहेत. क्षमावाणीपर्यंत बिया पिकतील. जुन्या वहीच्या कागदाच्या पुड्या मी बांधीन, प्रत्येकीत दहा बिया आणि पेरायची कृती. ज्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो, त्या दिवशी तरी आपल्या हातातली भेट कुणाला उपटून आणलेली नसावी.