जिवंत परतलेल्या सैनिकाची विचारपूस कोण करणार?



डिसेंबर लागला की आमच्या गंगाखेडात भीमा कोरेगावला जाण्याची बोलणी सुरू होतात. कोणी जीप ठरवतो, कोणी रेल्वेने पुणे गाठतो, बायाबापड्या भाकरी बांधून लेकरांसह निघतात. १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि त्यानंतर उभा राहिलेला स्तंभ आता आपल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. शेवटी ‘नाक’ असलेली २२ नावे त्या दगडावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तिथे गेले आणि त्या नावांशी आपले नाते काय हे समाजाला उमगले. महार रेजिमेंटचे निवृत्त जवान पदके लावून, टोपी नीट करून सलामी देतात तेव्हा भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. हे व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल आमचे दुमत नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे. स्तंभावरची नावे पडलेल्यांची आहेत. जे लढून जिवंत घरी आले त्यांचे पुढे काय झाले? आणि आज जे येतात त्यांचे काय होते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. जुन्या काळी पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले पुष्कळ महार सैनिक कोकणात दापोलीच्या कॅम्पात राहत. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. पलटणीत बंदूक चालवली, हुकूम दिला, हुकूम पाळला; पण गावात आल्यावर सावलीचाही विटाळ. या पेन्शनरांच्या मुलांना दापोलीच्या शाळेत इतरांबरोबर वर्गात बसू देईनात, म्हणून त्यांना सरकारदरबारी अर्ज करावे लागले. त्याच सुमारास, १८९२-९३ मध्ये, सरकारने महारांची सैन्यभरतीच बंद केली. बापाची नोकरी संपली आणि मुलाला दार बंद झाले. वलंगकरांनी त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा सरकारपुढे गाऱ्हाणे मांडले. सुभेदार रामजी सकपाळ याच पिढीचे. पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेला हा माणूस निवृत्तीनंतर सातारा भागात नोकरी करत आणि पेन्शनचा पैसा मुलाच्या पुस्तकांवर घालत राहिला. त्या मुलाने पुढे काय केले हे आम्ही सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये सरकारला महारांची आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरले, १९२१ मध्ये पलटण मोडली, माणसे घरी! दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी संरक्षण सल्लागार समितीवरून हा प्रश्न लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती मात्र टिकली. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे, त्यामुळे सातारा-रत्नागिरीसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची फौजेची परंपरा आपल्या घरांत नव्हती. आपली पोरे नंतर गेली आणि अजून जातात. पहाटे परभणी रोडला उभे राहून पाहा, भरतीसाठी पळणारी निम्मी पोरे आपल्या वस्त्यांतली असतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

आमच्या वस्तीत एक मेजर आहेत. खेड्यापाड्यात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, मग तो शिपाई म्हणून का निवृत्त होईना! हे गृहस्थ महार रेजिमेंटमध्ये होते. जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली, तेव्हा हे बावीस वर्षांचे होते. जाफनाच्या बाजूला होते. त्या मोहिमेत आपले अकराशेहून अधिक जवान गेले. मुंबईत जन्मलेले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि मग प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे नाव निदान पुस्तकात आहे. बाकीच्यांची नावे त्यांच्या घरच्यांना ठाऊक, आणि बरोबर असलेल्यांना.

आमच्या मेजरांचे तीन सोबती तिकडे राहिले. वाटेत पुरलेल्या सुरुंगाने दोन एकाच वेळी गेले, तिसरा नंतर. १९९० च्या मार्चमध्ये शांतिसेना परतली तेव्हा तिच्यावरून देशात इतके राजकारण झाले होते की परतलेल्यांचे कौतुक करायला फारसे कोणी पुढे आले नाही. कारगिलच्या वेळी जसे गावोगाव हारतुरे झाले, तसे यांच्या वाट्याला आले नाहीत. पुढे मेजरांनी सतरा वर्षे भरून पेन्शन घेतली, काही वर्षे एका ठिकाणी गेटवर वॉचमनची नोकरी केली. आता साठीला आलेत. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते? पेन्शन आहे, स्लॅबचे घर आहे, पोरगी नर्स झाली आहे. सुखी माणूस!

घरातले काकू सांगतात. इतक्या वर्षांनीही रात्री दोनला उठून ओसरीत बसतात, तोंड दाराकडे. गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी खोदून माती बुजवली, तर त्या ओल्या मातीवर पाय टाकायला नको म्हणून महिनाभर दुसऱ्या गल्लीने वळसा घालून जात होते. लोक हसले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांच्या दारापुढे फटाक्यांची माळ लागली की ते मागच्या खोलीत कडी लावून बसतात. मंडळाची पोरे काय म्हणाली? “मेजर वर्गणी देतात पण जयंतीला येत नाहीत, मोठे साहेब झाले!” त्या पोरांचा तरी दोष कसा म्हणावा, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आम्ही एकदा विचारले तेव्हा मेजर एवढेच म्हणाले, “काय सांगावं दादा, तिथं गेलेले मोकळे झाले. मी इथं रोज हजेरी देतो.”

हजेरीवरून आठवले. आम्ही पडलो कारकून माणूस, हिशेबात आणि तारखांत जगणारे. पेन्शनरला दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. मेजरांचे दोन सोबती गेले तोही नोव्हेंबरच. आता ‘स्पर्श’ आल्यापासून दाखला मोबाईलवर किंवा केंद्रावर अंगठा लावून होतो. काकू सांगतात, अंगठा लावून आले की दोन दिवस ते जेवत नाहीत.

याला आपल्याकडे शब्द नाही. म्हणजे आहेत, पण ते वाईट आहेत. कोणी म्हणतो डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणतो बाहेरचे आहे, एखाद्या भगताला दाखवा. बाबासाहेबांनी ज्या अंधारातून आपल्याला बाहेर काढले त्यातच परत शिरायचे का? डॉक्टरलोक याला आघातानंतरचा मानसिक आजार म्हणतात. मरण जवळून पाहिलेल्या माणसाचे शरीर धोका टळल्यावरही धोक्यातच राहते. आवाज झाला की दचकते, झोप लागत नाही, आठवण नको असताना येते, आणि आपण का वाचलो ही टोचणी जात नाही. हा भित्रेपणा नव्हे. त्यावर औषध आहे, बोलून करायचे उपचार आहेत, आणि बरीच वर्षे लोटली तरी त्यांचा उपयोग होतो. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येते. ईसीएचएसचे कार्ड असेल तर माजी सैनिकाला आणि त्याच्या पत्नीला मानसोपचाराच्या डॉक्टरकडेही त्यावर जाता येते. कार्ड फक्त गुडघ्यासाठी आणि मोतीबिंदूसाठी आहे असा एक समज आहे, तो काढून टाकावा.

आणि बाटलीचे बोलायला हवे. आपल्याकडे माजी सैनिकाची आठवण लोकांना केव्हा येते? लग्नाआधी, कँटीनच्या बाटलीसाठी. “मेजर, दोन काढून द्या की!” ज्या माणसाला झोप लागत नाही म्हणून तो आधीच घोट घेऊ लागला आहे, त्याच्याशी आपला सारा व्यवहार बाटलीचा! रोज संध्याकाळी पंचशील म्हणताना पाचवे शील आपणच म्हणतो ना? आमच्या मेजरांनी दारू सोडली ती काकूंच्या हट्टाने; पण तालुक्यात असे दोघे-तिघे आम्हाला माहीत आहेत की ज्यांची सगळी पेन्शन त्यातच जाते, आणि घरी बाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते.

या बायांसाठी थोडे कामाचे लिहितो. जवान निवृत्त होऊन आला की त्याने परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ओळखपत्र घ्यायचे असते. पुष्कळांनी ते केलेले नसते. त्याहून मोठी अडचण नावांची. बायकोचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, आधार कार्डावर तिसरेच. जन्मतारीख तर शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. नवरा जिवंत आहे तोवर रेकॉर्ड ऑफिसला लिहून हे दुरुस्त करणे सोपे असते. तो गेल्यावर त्या बाईला कौटुंबिक पेन्शनसाठी दारोदार फिरावे लागते. आम्ही अशा तीन प्रकरणांत कागद लिहून दिले, त्यातले एक चौदा महिने चालले. चूक कोणाची म्हणायची? दोन अक्षरांची!

नोकरीत असताना लागलेल्या आजारामुळे बाहेर पडावे लागले असेल, मग तो मनाचा का असेना, तर अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा करता येतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे आला असे धरावे, या अंगाने सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात निकाल दिला. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, तेव्हा कोणाला कोणते नियम लागू हे सुटण्याच्या तारखेवरून ठरते. कोपऱ्यावरच्या एजंटाला पैसे देण्यापूर्वी कल्याण कार्यालयात विचारा. दावा नाकारला गेला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईलाही आहे.

पुढची चिंता पळणाऱ्या पोरांची आहे. २०२२ पासून शिपायांची भरती अग्निवीर म्हणून होते. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे चार वर्षांनी चौघांतला एक कायम, बाकी तिघे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पैशाचे काय करायचे ते त्यांचे आई-बाप बघतील, बहुधा बहिणीचे लग्न आणि मोटारसायकल. पण चोवीस वर्षांचा पोरगा सीमेवर काही पाहून आला तर तो कोणत्या कार्डावर कोणत्या डॉक्टरकडे जाणार? भरतीच्या क्लासवाल्यांना हा प्रश्न विचारून पाहा.

यंदाच्या जयंतीला वस्तीतल्या पोरांनी आमचे ऐकले. मेजरांच्या गल्लीत फटाके लावायचे नाहीत, डीजे गल्लीच्या तोंडाशीच बंद करायचा आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन पायी जायचे असे ठरले. एक-दोघे कुरकुरले. मेजर दारात उभे राहिले, त्यांनी फोटोला सलामी ठोकली आणि आत गेले. मिरवणुकीत ते आले नाहीत, आणि कोणी त्यांना ओढलेही नाही.

दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला झाले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तिथे ग्रॅनाइटच्या भिंतींवर कोरली आहेत, श्रीलंकेत गेलेल्यांचीही. आमच्या वस्तीतला एक पोरगा परीक्षेसाठी दिल्लीला गेला होता. त्याने ती तीन नावे शोधून मोबाईलवर फोटो काढून आणले. मेजरांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग पहिल्याबद्दल सांगितले, तो पत्त्यांत हरायचा आणि पैसे द्यायचा नाही. दुसऱ्याला पोहता येत नव्हते, आणि जहाजात चढताना तो फार घाबरला होता. “त्याला शूर-बिर लिहू नका, घाबरत घाबरत सगळीकडं पहिला जायचा तो,” असे म्हणाले. पोराने ते शाळेच्या वहीत उतरवून घेतले, चार पाने झाली. तिसऱ्याबद्दल मेजर अजून बोललेले नाहीत, आणि आम्हीही विचारलेले नाही.

ज्यांच्या घरी माजी सैनिकाच्या कागदांची काही अडचण असेल त्यांनी रविवारी सकाळी विहारात वंदनेनंतर भेटावे. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ आणि पत्नीचे आधार कार्ड यांच्या झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद आणू नयेत, हरवतात.