गाडीचे ऑइल कोणी बदलायचे?



दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी नववी ते अकरावीच्या मुलामुलींना शाळेच्या मागच्या पटांगणात मोटारसायकलचे इंजिन ऑइल घरच्या घरी कसे बदलतात ते दाखवले. गाडी आमचीच, शंभर सीसीची, बारा वर्षांची. सोमवारी एक पालक भेटायला आले. आवाज चढवला नाही, पण मनाला लागले होते हे दिसत होते. म्हणाले, "सर, मुलाला शिकायला पाठवतो आम्ही, मिस्त्री व्हायला नाही." पुढे विश्वस्तांच्या बैठकीतही शंका निघाल्या. म्हणून या अंकात आमचे म्हणणे मांडत आहोत.

आधी विश्वस्तांची शंका, कारण ती रास्त आहे. गाडीला हात लावायला शिकवले की मुले गाडी पळवायला लागतील, असे त्यांना वाटते. गियरची मोटारसायकल अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे आम्ही त्या दिवशी सर्वांत आधी सांगितले, गाडीची किल्लीही आमच्या खिशात होती. पण खरे सांगायचे तर शाळेच्या फाटकाबाहेर जी मुले गाडी घेऊन येतात त्यांना ती आम्ही दिलेली नसते. त्याबद्दल पालक सभेत बोलूच.

आता काम. ते फार तर अर्ध्या तासाचे आहे. गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करायची. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करायचे, म्हणजे ऑइल पातळ होते आणि गाळ घेऊन खाली येते. जास्त तापवू नये, सायलेन्सरने हात भाजतो. खाली पसरट घमेले ठेवायचे, वरची टोपी आधी सैल करायची आणि मग इंजिनाच्या तळाचा बोल्ट उघडायचा. बहुतेक छोट्या गाड्यांना १७ नंबरचा पाना लागतो. इथे दहावीची आमची हुशार मंडळी फसली. गाडीखाली डोके घालून वरच्या बाजूने बोल्ट पाहिला की उजवे-डावे उलटे होते, आणि दोघांनी बोल्ट सोडवायच्या ऐवजी आणखी आवळला! तो परत लावताना आधी बोटांनी फिरवायचा, पाना नंतर. जोर करून आटे गेले तर नुकसान बोल्टचे होत नाही, इंजिनाच्या ॲल्युमिनियमचे होते, आणि मग अर्ध्या तासाच्या कामाचे चार दिवस होतात. वायसर दबलेला असेल तर नवा घालावा.

ऑइल कोणते, किती आणि कधी, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा न काढता कपाटात पडलेली असते. साधारण पाऊण ते एक लिटर ऑइल शंभर सीसीच्या गाडीला पुरते. काही गाड्यांत ऑइलची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते, काहींत फिरवून. तेही पुस्तिकाच सांगते. ऑइल काळे झाले म्हणजे संपले असेही नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. डब्यावर 'जासो एमए' असे लिहिलेले असावे, कारण मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचे ऑइल घातले तर तो घसरू शकतो. डब्यावरच्या '१०डब्ल्यू-३०' मधला डब्ल्यू थंडीचा आहे, म्हणजे थंडीत ऑइल किती वाहते त्याचा आकडा.

आम्ही बी.एससी. हिंदी माध्यमातून केले. 'श्यानता' या शब्दाची परिभाषा परीक्षेसाठी तोंडपाठ होती आणि त्यावर पूर्ण गुणही मिळाले होते. ती काय चीज आहे हे कळले मात्र नोकरी लागल्यावर, जानेवारीच्या एका सकाळी गार गाडीचे ऑइल उतरवायला बसलो आणि ते मधासारखे लोंबत राहिले तेव्हा. दुसऱ्या वेळी गाडी गरम करून घेतली तर पाण्यासारखे आले. मुलांना असे वीस-पंचवीस वर्षे उशिरा कळू नये, एवढीच इच्छा.

पण शनिवारी खरी अडचण ऑइल निघाल्यानंतर झाली. घमेल्यात लिटरभर काळे ऑइल होते. विचारले, आता याचे काय? पाच-सहा आवाज एकदम आले, "नालीत!" आम्ही रागावू शकलो नाही, कारण आम्ही स्वतः कित्येक वर्षे ते कुंपणाच्या कडेला ओतत आलो आहोत, गवत मरते म्हणून. गवत मरते तिथे आणखी काय मरत असेल, हा विचार रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आला नाही!

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने म्हटले आहे की एका वेळच्या ऑइलबदलातले वापरलेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी खराब करू शकते. आपल्या पावसाळी नाल्या कान्ह नदीकडे जातात आणि कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०२८ मध्ये तिथे सिंहस्थ आहे आणि या शाळेतल्या कितीतरी घरांतली आजी-आजोबा मंडळी तिथे स्नानाला जाणार आहेत. इंदूरला २०१७ पासून स्वच्छतेचे बक्षीस मिळत आले याचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाच. पण घराघरातून निघणारे हे लिटर-लिटर कोणाला दिसत नाही. वापरलेले ऑइल सरकारी नियमांत घातक कचऱ्यात मोडते. ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. पण घरातून ते बाहेर नीट पोचवायचे काम आपलेच. म्हणून आमचे मत असे आहे की ज्याच्याकडे जुने ऑइल ठेवायला झाकणाचा डबा आणि ते देण्याची जागा नाही, त्याने घरी ऑइल बदलूच नये. गॅरेजमध्ये जावे.

नव्या ऑइलचा रिकामा डबाही तसाच भंगारात देऊ नका. त्याला भोक पाडा, नाहीतर त्यात भलतेच ऑइल भरून तो पुन्हा विकला जाऊ शकतो. आणि हात साबणाने धुवा. जुने ऑइल वर्षानुवर्षे कातडीला लागणे चांगले नाही, त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात.

हे हात धुण्याचे आम्हाला ज्याने सांगितले तो त्या दिवशीचा खरा शिक्षक. आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे, नाव देऊ नका म्हणाला. दहावीत दोन विषय राहिले, शाळा सुटली. आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे, दोन मुले हाताखाली आहेत. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो आला, आणि गॅरेजमध्ये ऑइलसाठी वेगळे पिंप ठेवतो, ते घ्यायला ठरलेला माणूस येतो, हे त्याने मुलांना सांगितले. आमचे ते लिटरभरही तोच घेऊन गेला. मुले सुरुवातीला "दादा, दादा" करत होती. शेवटी एका मुलीने प्रश्न विचारायला हात वर केला आणि "सर" म्हणाली. तो आमच्याकडे बघू लागला. त्याला वाटले प्रश्न आम्हाला आहे.

चहा घेताना त्याने हसत हसत आठवण काढली. नववीत प्रयोगवहीवर तेलाचे डाग पाडल्याबद्दल आम्ही त्याला वर्गासमोर म्हणालो होतो, "तू गॅरेजमध्येच जाणार." आम्हाला ते आठवत नव्हते. त्याला शब्द न् शब्द आठवत होता.

तेव्हा सोमवारी आलेल्या पालकांना आम्ही काय उत्तर देणार? त्यांचे वाक्य आमचेच होते, फक्त आम्ही ते एका मुलाला तोंडावर म्हटले होते. आम्ही त्यांना बसवले, चहा मागवला आणि ही हकीकत सांगितली. त्यांना ती पटली की नाही, ठाऊक नाही. मुलाला पुढच्या वेळी पाठवाल का, असे विचारले तर "बघतो" म्हणाले.

पुढची वेळ जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी नऊ वाजता. विश्वस्त मंडळाने परवानगी दिली आहे, मुलांनी गाडी न आणण्याच्या अटीवर, आणि ती अट आम्हाला मान्य आहे. पालकांनी आपली गाडी आणली तर चालेल. प्रत्येकाने एक जुनी चिंधी, वर्तमानपत्र आणि घट्ट झाकणाचा रिकामा डबा आणावा. पाने शाळेचे आहेत. तो येणार आहे, या वेळी दुकान पूर्ण दिवस बंद ठेवून. त्या दिवसाचे मानधन शाळेकडून द्यावे अशी विनंती आम्ही मंडळाकडे केली आहे.