न लागलेली आग

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, गिरणेच्या परिसरातील टेकड्यांवर, १९९० साली स्थापन झालेले विद्यापीठ वसले आहे. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. खानदेशातील वैशाख म्हणजे प्रत्यक्ष भट्टीच! अशा उन्हात टेकडीवरील गवत वाळून कडकडीत होते आणि बेफिकिरीने फेकलेली एखादी विडीही वणवा पेटविण्यास पुरेशी ठरते.

अशा आवारात अग्निरक्षकाचे खरे काम आग लागण्यापूर्वीचे असते. गवत वेळेवर कापून जाळरेषा मोकळ्या राखाव्या लागतात. जिन्याखाली रचलेली मोडकी बाके हलवावी लागतात. त्यापायी लोकांची नाराजीही सोसावी लागते. प्रयोगशाळेत तर नुसता उत्साह कामाचा नाही. रॉकेलात बुडवून ठेवलेला सोडियम पेटला, तर त्यावर पाणी ओतणे म्हणजे आगीत तेल ओतणेच होय. तेथे कोरडी वाळू हाताशी हवी, आणि ती कोठे ठेवली आहे हे प्रत्येकास ठाऊक हवे.

आपण मात्र गौरव करतो तो आग विझविणाऱ्याचा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजास आग लागून भीषण स्फोट झाले. अग्निशामक दलाच्या ६० हून अधिक जवानांनी प्राण गमावले. दरवर्षी त्या दिवशी त्यांचे स्मरण होते, ते उचितच आहे. परंतु त्या एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके भरलेली होती. ती एकत्र भरू नका, असे बजावून कोणी ती वेळीच वेगळी करविली असती, तर त्या माणसाचे नाव आज कोणासही ठाऊक नसते.