चौघांचा प्रभाग, उत्तरदायित्व कोणाचे?

महानगरपालिका निवडणुकांचा धुरळा आता खाली बसला आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिलेली नगरे पुन्हा लोकनियुक्त सभागृहांच्या स्वाधीन झाली. कोण जिंकले, कोण हरले, याची चर्चा पुष्कळ झाली. ज्या पद्धतीने हे जय-पराजय ठरले, तिच्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. जिंकलेल्यांना ती सोयीची आहे आणि हरलेल्यांना ती उद्या आपल्यालाही सोयीची ठरेल अशी आशा आहे!

पुण्याचेच उदाहरण घेऊ. नगरसेवक १६५, परंतु प्रभाग अवघे ४१. चाळीस प्रभागांत चार-चार सदस्य, एका प्रभागात पाच. २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या धरली, तरी एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून अधिक माणसे येतात. मतदार केंद्रात जातो, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणे दाबतो आणि घरी परततो. उद्या त्याच्या गल्लीतील सांडपाण्याची वाहिनी तुंबली, तर त्याने कोणाचे दार ठोठवायचे? 'अ'कडे जावे तर तो 'क'कडे बोट दाखवतो. 'क' म्हणतो, तो भाग आम्ही आपसांत 'ड'ला वाटून दिला आहे. ही वाटणी कोणत्याही कायद्यात नाही, कोणत्याही राजपत्रात नाही. काम झाले तर चौघांचे फलक चौकात झळकतात. न झाले तर एकाचेही नाव सापडत नाही.

चार जागा असल्या म्हणजे चार विचारांना स्थान मिळत असेल, असा एक भाबडा समज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक जागेची मोजणी स्वतंत्र होते. त्यामुळे ज्या पक्षाला प्रभागात चाळीस टक्के मते आहेत, तो चारही जागा घेऊन जाऊ शकतो आणि उरलेल्या साठ टक्क्यांच्या पदरी शून्य पडते. एखाद्या कार्यकर्त्याने पंधरा-वीस वर्षे एका वस्तीत अभ्यासिका चालवली, आजारी माणसाला अपरात्री रुग्णालयात पोहोचवले, तर त्या वस्तीत त्याला मान असतो. परंतु ऐंशी हजारांच्या प्रभागात त्याचे नाव पोहोचवायचे कसे? तेथे पैसा लागतो, पॅनल लागते आणि पॅनलमध्ये शिरायचे तर एखाद्या वजनदार नावाच्या मागे फरफटत जावे लागते. मग तिकीट कार्यकर्त्याला मिळेल की बांधकाम व्यावसायिकाला, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि हा नियम तरी स्थिर आहे काय? २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग झाला, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. २०१९ च्या अखेरीस पुन्हा एकाचा निर्णय झाला, २०२१ मध्ये तिघांचा आणि २०२२ मध्ये परत चौघांचा! मुंबईत नगरसेवकांची संख्या २२७ वरून २३६ आणि तेथून पुन्हा २२७ झाली. फलंदाजाने स्वतःच्या सोयीने खेळपट्टी आखावी, तसा हा प्रकार आहे. यात कोणताही मोठा पक्ष हात झटकू शकत नाही, आणि ज्यांच्याकडून वेगळ्या वर्तनाची अपेक्षा होती त्यांच्याविषयीची खंत तर अधिकच. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने पालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक बंधनकारक केली. तरीही आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा हा घोळ यांत मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर जवळजवळ चार वर्षे नागरिकांचा एकही प्रतिनिधी सभागृहात नव्हता.

विशेष म्हणजे मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेचा कारभार त्या पद्धतीने चालतो, मग पुणे, नागपूर, नाशिकने काय पाप केले? लोकसभेच्या पहिल्या दोन निवडणुकांतही काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. अनुभवाअंती १९६१ मध्ये कायदा करून ते रद्द करण्यात आले. साठ वर्षांपूर्वी देशाने टाकून दिलेली पद्धत महाराष्ट्राने दुप्पट करून डोक्यावर घेतली आहे.

समर्थकांचा एक मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. महिलांना निम्म्या जागा राखीव असल्याने एकसदस्यीय पद्धतीत अर्धे प्रभाग सोडतीने फिरत राहतात आणि चांगले काम केलेला नगरसेवक पुढच्या वेळी तेथे उभाच राहू शकत नाही. अडचण खरी आहे. पण तिचे औषध आरक्षण सलग दोन कार्यकाळ, म्हणजे दहा वर्षे, स्थिर ठेवणे हे आहे. त्यामुळे निवडून आलेल्या भगिनीलाही आपल्या कामाच्या बळावर दुसऱ्यांदा कौल मागता येईल.

आपल्या भूमीला ही जाण नवी नाही. तमिळनाडूतील उत्तिरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, दहाव्या शतकातले शिलालेख आहेत. गावाचे तीस विभाग आणि प्रत्येक विभागातून घटातील चिठ्ठीने एक नाव, असा तेथील नियम होता. हिशेब न देणारा सदस्य तर अपात्र ठरेच, त्याचे नातलगही अपात्र ठरत. ती सभा ब्राह्मण वस्तीची होती, पात्रतेला जमीन आणि वेदाध्ययन लागे. आजच्या समतेच्या कसोटीवर ते टिकणार नाही. परंतु विभाग कोणाचा आणि हिशेब कोणी द्यायचा, याविषयी त्या गावाला शंका नव्हती.

पुढील निवडणूक पाच वर्षे दूर आहे, म्हणजे कोणालाही आपल्या प्रभागाचा हिशेब मांडता येणार नाही अशी हीच वेळ आहे. विधिमंडळाने येत्या अधिवेशनात महानगरपालिका अधिनियमात दुरुस्ती करून सर्व महानगरांसाठी एकसदस्यीय प्रभाग निश्चित करावा आणि निवडणुकीच्या आधीच्या दोन वर्षांत सदस्यसंख्या वा प्रभागपद्धती बदलण्यास मनाई करणारे कलम त्यात घालावे. नव्या नगरसेवकांना वाचकांनी पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारावा: या दुरुस्तीला आपला पाठिंबा आहे की नाही? चौघांनाही विचारावा, आणि चौघांची उत्तरे वेगवेगळी लिहून ठेवावीत.