सुई सोडा म्हणणाऱ्यांस

मी बँकेत कारकून आहे, मी सकाळी धावतो आणि मी भात जवळजवळ सोडलेला आहे. यांपैकी पहिल्या गोष्टीबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. उरलेल्या दोहोंबद्दल आमच्या अख्ख्या इमारतीला मत आहे. त्यातून दिवसातून चार वेळा मी पोटात इन्सुलिन टोचून घेतो, हे कळलं की माणसं खुर्ची पुढे ओढून बसतात.

"एवढे धावता, भात सोडलात, आणि अजून सुई?" तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पांनी परवा जिन्यात अडवलं. वीस वर्षं कर्जाचे हप्ते भरून मी घरावरचा बोजा उतरवायला विसरलो, असा सूर.

"अप्पा, माझा मधुमेह पहिल्या प्रकारचा."

"प्रकार कसला घेऊन बसलात! साखर ती साखर. आमच्या साडूच्या गोळ्या तीन महिन्यांत सुटल्या."

वाचकहो, या देशात मधुमेहावरचं बरंचसं संशोधन साडूंवर झालेलं आहे. या साडूंचं मी मनापासून अभिनंदन करतो. त्यांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा. त्यांचं शरीर इन्सुलिन तयार करतं, पण ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. वजन उतरलं, की त्यांतल्या काहींच्या गोळ्या डॉक्टर कमी करतात, कधी बंदही करतात. माझं तसं नाही. १९९८ साली, मी एस. वाय. बी. कॉम.ला असताना, माझ्याच शरीराच्या संरक्षक दलानं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकल्या. खातं गोठवलं असतं तर अर्ज-विनंत्या केल्या असत्या. इथे शाखाच बंद झाली! बंद शाखेसमोरून रोज दहा किलोमीटर धावलं म्हणून शटर उघडत नाही.

(आदल्याच वर्षी वासिम अक्रमला मधुमेह निघाला होता. आमच्या आईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे, पण "तो पाकिस्तानचा मुलगा बघा, इन्सुलिन घेऊन बोलिंग टाकतो," हे ती दूधवाल्यालासुद्धा सांगायची.)

आता धावणं. धावताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि आधी टोचलेलं इन्सुलिन अंगात असतंच. चेक वटल्यावर स्टॉप पेमेंट करता येत नाही, तसं टोचलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. मग साखर घसरते. सकाळच्या धावण्याची वसुली कधीकधी रात्री तीन वाजतासुद्धा होते. लोक धावायला निघताना बूट बघतात, मी खिसे चाचपतो. एकदा ग्लुकोजची पुडी घरी राहिली आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मी घामाघूम बसलो. आपलं घर कुठल्या दिशेला, तेच आठवेना. "सकाळी सकाळी टाकून आलेत," असं म्हणत दोन सभ्य गृहस्थ पुढे गेले. शेवटी एका चहावाल्यानं चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. त्याला बहुधा साडू नसावा.

आणि भात. भात-पोळी कमी, तर इन्सुलिनची मात्रा कमी, आणि मात्रेतली चूकही बेताची. यात तपश्चर्या कुठलीच नाही, साधी बेरीज-वजाबाकी आहे. तीसुद्धा मी डॉक्टरांना विचारून, महिनोन्‌महिने बोटं टोचून जमवली. भात सोडला आणि मात्रा तीच ठेवली, तर माणूस आडवा होतो. पण हे ऐकतो कोण? "भाकरी तर चालते ना? गूळ चालतो ना?" ज्वारीत पिष्ट नसतं हा शोध कुणी लावला, देव जाणे. गूळ म्हणजे साखरच, फक्त खादी नेसलेली.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. कारल्याचा रस मी प्यालो आहे, जांभळाच्या बियांची पूड खाल्ली आहे. पण गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलीला माझाच आजार निघाला, आणि अप्पा माझ्यादेखत तिच्या आईला म्हणाले, "वहिनी, सुईच्या नादी लागू नका. सवय लागते. पोरीचा भात बंद करा."

सवय! अप्पांना श्वास घ्यायची आहे, तशीच. मी जिन्यात आवाज चढवला. सव्वीस वर्षं काउंटरवर बसून जो चढवला नव्हता, तो. म्हटलं, "अप्पा, तुमचा उपाय करून झालाय! इन्सुलिन येण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या डॉक्टर अ‍ॅलननी हेच केलं होतं. पिष्ट बंद, जवळजवळ उपास. त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतंच. पोरं हाडांचे सापळे होऊन काही महिने, फार तर काही वर्षं जास्त जगायची आणि मग मरायची. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला पहिली सुई दिली. तो त्यानंतर तेरा वर्षं जगला. या पोरीची सुई बंद केलीत तर महिनेसुद्धा लागणार नाहीत. काही दिवसांत उलट्या सुरू होतील आणि इस्पितळ गाठावं लागेल. तेव्हा तुमचे साडू येणार आहेत का?"

अप्पा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मेथीदाणे पाठवले. ते माझ्यासाठी होते, मुलीकडे नव्हते गेले, एवढ्यावर मी समाधान मानलं.

ती पोरगी आता रविवारी माझ्याबरोबर धावायला येते. शाळेच्या स्पर्धेत तिला आठशे मीटर धावायचंय. फाटकाशी आलो की कमरेवर हात ठेवून विचारते, "काका, ग्लुकोज घेतलंत?"

"घेतलं गं."

"दाखवा."