पाच मिनिटांच्या कामाची मजुरी

‘बटण बदलायला पाच मिनिटे आणि मजुरी एवढी?’ ही तक्रार सोलापुरात घरोघरी ऐकू येते. आम्हाला ती अर्धीच खरी वाटते. विजापूर वेशीहून नई जिंदगीला जाणाऱ्या वायरमनचे पेट्रोल, जाण्या-येण्याचा वेळ आणि तेवढ्यात बुडालेले दुसरे काम त्या मजुरीत धरलेले असते. व्यापाऱ्यांना हे सांगायला नको. चादरींचा एक गठ्ठा पाठवा की दहा, टेम्पोची खेप तेवढीच पडते.

मात्र काम झाल्यावर मनाला येईल तो आकडा सांगणेही योग्य नव्हे. मोबदला आधी ठरलेला असावा, ही शरीअतमधील मजुरीच्या कराराची अटच आहे. कारागिरांनी फेरीचे पैसे, मजुरी आणि मालाची किंमत वेगवेगळी सांगावी. मालात छुपे कमिशन घेऊ नये. आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड शिकून निघणाऱ्या आपल्या मुलांचा धंदा याच विश्वासावर उभा राहणार आहे.

घरमालकांनी पंखा, बटण, होल्डर अशी किरकोळ कामे एकाच फेरीत उरकून घ्यावीत आणि ठरलेले पैसे हातोहात द्यावेत. अर्थिंगच्या कामात मात्र घासाघीस नको. त्यासाठी परवानाधारक वायरमनच बोलवावा. तेथे वाचवलेले चार पैसे जिवावर बेततात.